ईनबाईंचा डावा हात

मानपानावरून रुसलेल्या विहिणी घरोघरी सापडतील, पण वाजंत्र्यांच्या एका बेसूर सुरावरून भर मांडवातून उठून गेलेली विहीण नागपूरपलीकडच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या इतिहासात एकच झाली आणि ती माझ्या वाट्याला आली. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. मी त्यांना ईनबाई म्हणते, त्याही मला ईनबाई म्हणतात. त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं कुणी तिऱ्हाइताने ऐकलं, तर एकच बाई स्वतःशी बोलते आहे असं त्याला वाटेल.

मुलीने नागपूरहून पहिल्यांदा या स्थळाचं सांगितलं तेव्हा मुलाची नोकरी, स्वभाव, सौंसरला असलेली संत्र्याची बाग हे सगळं सांगून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, त्याची आई गणिताची शिक्षिका होती, आता एकटी राहते आणि जॅझ पियानो वाजवते. मी तीस वर्षं पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवलं, त्यातली पंचवीस वर्षं महिला भजनी मंडळात पेटी वाजवली, पण हा शब्द माझ्या कानावरून कधी गेला नव्हता. आमच्या यांनी तर मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "त्यांना काही आजार आहे का?"

घर पाहायला सौंसरला गेलो. समोरच्या खोलीत पियानो होता आणि पियानोशिवाय काहीच नव्हतं, कारण दुसरं काही मावलंच नसतं. सोफा अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली मांडलेला. पाहुण्यांनी उघड्यावर बसायचं आणि पियानोने छपराखाली, असा त्या घराचा शिरस्ता. मी कौतुकाने आत डोकावले आणि हातातला चहाचा कप सहज पियानोच्या झाकणावर ठेवला. ईनबाईंनी कप उचलला, पदराने झाकण पुसलं आणि कप खिडकीत ठेवला. माझा उष्टा कप चुकून देवाच्या पाटावर गेला होता, एवढं मला कळलं. देण्याघेण्याची बोलणी व्हायची होती, आमचे हे घसा खाकरून तयार होते, पण ईनबाईंनी मलाच विचारलं, "तुम्ही पेटी वाजवता म्हणे. कोणत्या पट्टीत?" मी म्हटलं, काळी चार. त्या आत गेल्या, पियानोवर एक भरगच्च सूर वाजवला, पाच-सहा पट्ट्या एकदम, आणि दारातून डोकं काढून म्हणाल्या, "यात बसते का तुमचं भजन?" मग स्वतःच म्हणाल्या, "बसते. आपलं जमलं." त्यानंतर बोलणी झालीच नाहीत.

त्यांच्या गाण्याची जडणघडण मला तुकड्यातुकड्यांनी कळली. त्यांचे वडील मँगनीजच्या खाणीत हेडक्लार्क. खाणीच्या कॉलनीत क्वार्टर, क्वार्टरच्या मागून ट्रॉल्यांचे रूळ. दर गुरुवारी वडिलांकडे खंजिरीचं भजन व्हायचं आणि खंजिरी वाजवायला खाणीत सुरुंगाची भोकं पाडणारा एक कामगार यायचा. हा माणूस थाप कधीच वेळेवर देत नसे. जिथे पडायला हवी तिथून ती केसभर मागे पडायची आणि नेमकी त्यामुळेच सगळी माणसं डोलायला लागायची. ईनबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या. त्या म्हणतात, जॅझमध्ये जे काही आहे ते त्या माणसाने त्यांना आधीच शिकवून ठेवलं होतं, फक्त त्याचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही.

नाव कळलं ते खाणीच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर कलकत्त्याचे, उतारवयाचे, एकटे. त्यांच्याकडे ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी होती. ईनबाईंच्या पायाला गळू झालं म्हणून आईने पट्टी बदलायला पाठवलं, तर पट्टी झाल्यावरही पोर घरी येईना. आई शोधत गेली. पोर ग्रामोफोनसमोर मांडी घालून बसलेली. त्या डॉक्टरांनी वडिलांना बोलावलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मुलीच्या कानात दोष आहे, रोज संध्याकाळी तिला दवाखान्यात पाठवावं लागेल, उपचार लांबणार. वडील डॉक्टरांचा शब्द मोडणारे नव्हते. उपचार आठ वर्षं चालला.

खाणीच्या क्लबात साहेब लोकांनी मागे टाकलेला एक पियानो पडून होता. त्यावर अधिकारी पत्त्यांचे जोड ठेवत. डॉक्टर मुलीला तिथे नेत. शिकवायची त्यांची रीत अशी की दवाखान्यात तबकडी लावायची, गाणं ऐन रंगात आलं की सुई उचलायची आणि क्लबात जाऊन म्हणायचं, पुढचं तू वाजव. पुढचं काय होतं ते मात्र कधीच ऐकू द्यायचं नाही. ईनबाईंना कित्येक गाण्यांचे शेवट नोकरी लागून स्वतःचा ग्रामोफोन घेतल्यावर कळले आणि त्यांतले निम्मे त्यांना पसंत पडले नाहीत. त्या पियानोच्या आतलं मऊ कापड उंदरांनी खाल्लं होतं. एकोणीस पट्ट्या मुक्या होत्या. मुक्या पट्ट्यांना वळसा घालून जायची जी सवय लागली ती कायमची. पुढे पुण्याहून आलेल्या एका सॅक्सोफोनवाल्याने त्यांचं वाजवणं ऐकून फार आदराने विचारलं, सूर मधूनच गाळून पुढे जायची ही शैली तुम्ही कुणाकडून उचलली? ईनबाई तितक्याच आदराने म्हणाल्या, "उंदरांकडून."

डॉक्टर निवृत्त होऊन कलकत्त्याला गेले. जाताना तबकड्यांची पेटी मुलीला देऊन गेले आणि वडिलांना म्हणाले, हिला माझ्यासोबत पाठवा, मोठ्या शहरात शिकेल. वडिलांनी हात जोडले. ईनबाई बी.एससी. झाल्या, मास्तरीण झाल्या. डॉक्टरांचं पत्र कधी आलं नाही. याबद्दल त्या बोलतात तेव्हा कुणावर राग नसतो. एवढंच म्हणतात की त्यांनी इथेही सुई मधेच उचलली.

त्यांचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाने, म्हणजे माझ्या कैलासवासी व्याह्यांनी, विचारलं की तुला काय पाहिजे. त्या म्हणाल्या, क्लबातला पियानो. तोवर क्लब बंद पडला होता आणि पियानो भंगारात, कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. संत्र्याचा बागाइतदार तो. त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाताची तणस पसरली, नागपूरच्या बाजारात संत्री जावीत तसा पियानो तणसात गाडून सौंसरला आणला आणि ट्रॅक्टरचा पाना बायकोच्या हातात दिला. त्या पान्याने ईनबाईंनी एकेक तार पिळून सुरात आणली. आत नवं कापड चिकटवल्यावर त्या एकोणीस पट्ट्याही बोलायला लागल्या, पण ईनबाई म्हणतात की इतक्या वर्षांनी बोलायला लागलेल्या माणसाशी एकदम सलगी करवत नाही.

अशा बाईच्या सवयी काय सांगाव्यात? त्यांनी कुकर घेतला तो शिटीचा सूर ऐकून. दुकानदाराने बिचाऱ्याने स्टोव्ह पेटवून सात कुकर वाजवून दाखवले. संत्रं त्या फक्त डाव्या हाताने सोलत, बोटांना ताकद यावी म्हणून. साल अख्खी निघायची, फुलासारखी. बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांचा सराव चाले आणि पुढे बसलेला माणूस दोनदा वळून पाहून शेवटी जागा बदलत असे. शाळेत पाढे म्हणून घ्यायच्या तेही खंजिरीच्या चालीवर. बे एके झाल्यावर जरा थांबायचं आणि मग 'बे' असं मागून यायचं. आज सौंसरच्या बाजारात संत्र्याचे खोके भरणारा पन्नाशीचा माणूस फळं मोजताना मधेच अडखळला, तर त्याला मोजता येत नाही असं समजू नये. तो त्यांचा विद्यार्थी असतो.

लग्न पांढुर्ण्याला झालं. बँडवाल्यांचा कीबोर्ड गाड्यावर बसवलेला होता आणि त्याचं कुठलंतरी बटण चुकीचं दाबलं गेल्यामुळे क्लॅरिनेट एका पट्टीत आणि कीबोर्ड अर्ध्या सुराने वर. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. ईनबाईंच्या चेहऱ्यावर मात्र दाढ ठणकावी तशी कळ उमटली आणि त्या उठून चालत्या झाल्या. मांडवात कुजबुज पसरली की विहीण रुसली. आमचे हे नारळ आणि जरीची साडी घेऊन अनवाणी धावले. मी मागून. पाहतो तर ईनबाई शालूसकट गाड्यावर चढलेल्या, बटण नीट करून झालेलं आणि कीबोर्डवाल्याला त्यांनी बाजूला सरकवलेलं. मग त्यांनी जे वाजवायला घेतलं, त्यात आमच्या भजनाची चाल होती, बँडवाल्यांचं सिनेमातलं गाणं होतं आणि आणखी काहीतरी असं होतं की ढोलवाला डोळे मिटून वाजवू लागला. तिगावहून आलेले माझे म्हातारे मामा, ज्यांनी आयुष्यात फक्त पोळ्याला पाय उचलला होता, ते नाचले. गुरुजी मुहूर्ताची वेळ टळते म्हणून हाका मारत होते. ईनबाई गाड्यावरूनच त्यांना म्हणाल्या, "गुरुजी, दोन मिनिटं. समेवर येऊन राहिली." त्या समेवर आल्या आणि मग लग्न लागलं.

तिथून मी त्यांची भक्त झाले, हे मी कुणापाशी कबूल करत नव्हते. नागपूरचे तीन तरुण दर रविवारी ड्रम, गिटार घेऊन त्यांच्याकडे येत आणि मी काहीतरी निमित्त काढून सौंसरच्या बसमध्ये बसत असे. संत्र्याचं सरबत करायचं, लिंबाखाली बसायचं आणि ऐकायचं. मला त्यातलं कळत नव्हतं. पण त्या वाजवत असताना डावा हात चालत्या माणसासारखा शांतपणे पुढेमागे जायचा आणि उजवा त्याच्या अंगाखांद्यावर पोरासारखा खेळायचा, ते मी तासन्‌तास पाहत बसायची.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि एका सकाळी अंगणात संत्रं सोलताना त्यांच्या हातातून ते खाली पडलं. त्यांनी उचलायला हात पुढे केला तर हात गेलाच नाही. लकवा. नागपूरला नेलं. चालणं परत आलं, बोलणं तर गेलंच नव्हतं, पण डावा हात नुसता मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, आशा सोडू नका. ईनबाईंनी व्यायाम केला. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मात्र त्यांनी पियानोवर गोधडी घालून घेतली.

माझे जावई आईवर जीव टाकणारे. त्यांचं म्हणणं होतं की आता एकटं राहायचं नाही, नागपूरला यायचं. तिथलं घर पाचव्या मजल्यावर, जिना अरुंद, पियानो वर जाणार नाही. नागपूरच्या एका शाळेला त्यांनी पियानो घेता का म्हणून विचारलं, शाळा आनंदाने तयार झाली. ईनबाई म्हणाल्या, "चांगलं आहे. पोरं वाजवतील." इतक्या सहज म्हणाल्या की मला धडकी भरली. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर मी निश्चिंत झाले असते. सोबतीला म्हणून मी आठ दिवसांसाठी गेले, ती महिनाभर राहिले.

एका दुपारी त्या आत पडल्या होत्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी गोधडी सारली आणि उजव्या हाताने आमच्या मंडळाचं एक साधं भजन वाजवायला लागले. पेटीवर डाव्या हाताला भात्याचंच काम असतं, त्यामुळे माझा तो हात सवयीने हवेतच हलत होता. आतून आवाज आला, "ईनबाई, तो गंधार एक पट्टी खाली घ्या." मी खाली घेतला. थोड्या वेळाने त्या भिंत धरत आल्या आणि बाकावर माझ्या उजव्या बाजूला बसल्या.

"सरका तिकडे, डाव्या अंगाला," त्या म्हणाल्या. "खालचं तुम्ही वाजवा. वरचं मी पाहते."

"मले जॅझ नाही येत, ईनबाई."

"मले माझा डावा हात नाही येत आता. बसा."

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत अपमानाचे होते. बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले. त्यांनी खडूने पट्ट्यांवर आकडे लिहिले. बारा घरांची एक ओळ समजा, म्हणाल्या, घर म्हणजे चार मात्रा आणि मालक बदलला की खालचा सूर बदलतो. पहिली चार घरं आपली, मग दोन मामाची, परत दोन आपली, मग एक आत्याचं, एक मामाचं आणि शेवटची दोन पुन्हा आपली. मी तोंडाने आपली-मामा-आत्या करत घरोघर फिरत असे आणि दर वेळी आत्याच्या घरून निघताना रस्ता चुकत असे. पेटीवाल्या बाया पट्टी अशी दाबतात जशी ती पळून जाणार आहे, हे मी रोज ऐकून घेतलं. खरी अडचण वेगळीच होती. मी जन्मभर शाळेची घंटा होण्याआधी वर्गात उभी असणारी बाई, आणि त्या म्हणत, "तुम्ही वेळेवर येऊन राहिल्या. इथं थोडं उशिरा यायचं असते." उशिरा म्हणजे किती, हे सांगता येत नाही. एका संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन सांगितलं की माझ्याच्याने होत नाही, मी उद्याच्या बसने जाते. त्यांनी माझा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि माझ्या मनगटावर बोटाने थाप देत राहिल्या, खंजिरीची, बराच वेळ. मग मी वाजवलं आणि त्या पहिल्यांदा माझ्या वर वाजवायला लागल्या. आमच्या दोघींच्या मधून काहीतरी चालायला लागलं. मला एवढंच आठवतं की मी मोजायची थांबले होते.

शाळेची गाडी आली त्या दिवशी जावई सकाळीच आले होते. चार माणसं दोर आणि पोती घेऊन अंगणात उभी राहिली. सोबत शाळेच्या संगीताच्या बाई. ईनबाईंनी सगळ्यांना सरबत दिलं आणि म्हणाल्या, नेण्याआधी एकदा ऐकून घ्या, कोणत्या पट्ट्या कशा बोलतात ते कळेल. आम्ही बसलो. सुरुवातीला मी चुकले, ईनबाईंनी त्या चुकीवरून अलगद पाऊल टाकलं आणि पुढे गेल्या. किती वेळ वाजवलं माहीत नाही. थांबलो तेव्हा दोरवाल्यांपैकी एक जण उंबऱ्यावर बसला होता. जावई लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून उभे होते. आजारपणापासून त्या घरात पियानो वाजलेला त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं.

संगीताच्या बाईंनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि जावयांना म्हणाल्या, आम्ही हा नेणार नाही. जावई आत आले. आईच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि तिचा डावा हात मांडीवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "आई, तू सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं ना आता," ईनबाई म्हणाल्या.

दोर जावयांनी स्वतःच गुंडाळून गाडीत नेऊन ठेवले. ईनबाई सौंसरलाच राहिल्या. स्वयंपाकाला आणि सोबतीला शेजारच्या एक बाई येतात, जावई-मुलगी शनिवारी येतात आणि दर गुरुवारी मी. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर आता कंडक्टर मला विचारतसुद्धा नाही कुठे जायचं. नागपूरचे ते तिघे अजूनही येतात आणि मला मावशी म्हणून न सांभाळता वाजवणारी म्हणून सांभाळतात, याचा मला फार अभिमान आहे. ईनबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलायला लागला, बाकीची बोटं नाहीत.

अलीकडे त्या लवकर थकतात. चार-पाच ओळी वाजवून झाल्या की उजवा हातही मांडीवर जाऊन बसतो. गेल्या गुरुवारी मी पोहोचले तर त्या बाकाऐवजी खिडकीपाशी कशीबशी घुसवलेल्या एका खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, आज तुम्ही एकट्याच वाजवा. मी विचारलं की मग वरचं कोण वाजवणार.

"राहू द्या मोकळं. मले ऐकू येऊन राहिलं."

मी माझं खालचं वाजवत राहिले. खालचं म्हणजे काय, एकेक साधा सूर, घरोघर फिरणारा. वरची सगळी जागा रिकामी. खोलीत दुसरा आवाज नव्हता, बाहेर लिंबावर चिमण्या. मी तिरक्या नजरेने पाहिलं तर ईनबाईंचे डोळे मिटलेले, मान जराशी कललेली आणि मी काहीच न वाजवलेल्या एका ठिकाणी त्यांना हसू आलं. तिथे काय आलं होतं ते मी विचारलं नाही. माझी ओळ संपत आली होती, पण त्यांची संपलेली दिसत नव्हती, म्हणून मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.